सोडलेली मॅच

॥ श्री ॥
महाळुंगे पडवळ,
९ नोव्हेंबर २०२५

ती. गेणभाऊ यांस,
इंद्रायणीचा सा. न. वि. वि.

फोन करून उपयोग नाही म्हणून पत्र लिहिते. मागच्या खेपेस तुमच्या सूनबाईनं फोन तुमच्या कानाला लावून दिला, मी पाच मिनिटं घसा कोरडा केला, आणि शेवटी तुम्ही म्हणालात की होय, कांद्याला पाऊस बाधला खरा. मी पावसाचं काही बोललेच नव्हते. कानातलं यंत्र कपाटात ठेवण्यासाठी घेतलंय का तुम्ही?

इकडं सगळी बरी आहेत. अश्विनी आणि जावई ऋषीराव चाकणहून दिवाळीला येऊन गेले. कांद्याची रोपं टाकलीत. बिबट्याच्या भीतीनं बाया चार वाजताच वावरातून निघतात, त्यामुळं काम उरकत नाही. परवा ह्यांना जाऊन दोन वर्षं झाली. श्राद्ध घरच्या घरीच केलं. तुम्हाला मुद्दाम कळवलं नाही. दहाव्याला तुम्ही घाटावर सगळ्यांकडं पाठ करून बसला होता, ते मी विसरले नाही. मामेभाऊ असून सख्ख्यासारखे होता तुम्ही ह्यांना. पुन्हा तेच कशाला करायला लावायचं, असं वाटलं.

आता कारण लिहिते. आपल्या नवयुग क्लबला सव्वीस जानेवारीला पन्नास वर्षं होतात. मैदानाला पूर्वेकडून पायऱ्यांची गॅलरी बांधली आहे आणि तिला कुणाचं नाव द्यायचं यावरून गावात दोन तट पडलेत. क्लबचा सेक्रेटरी सध्या कल्पेश आहे, मंचरच्या पोपटलाल शेठजींचा मुलगा. शेठजींनी क्लबला पहिल्या जर्स्या दिल्या होत्या ते तुम्हाला आठवत असेल. कल्पेशनं जुन्या वह्या चाळून काढलं की नऊ वर्षांत ह्यांनी एकशे अठरा गोल केले, एवढे नंतर कुणीच केले नाहीत. आता खेळणारी मुलं-मुली म्हणतात, ह्यांचंच नाव द्या. जुनी माणसं म्हणतात, एकशे अठरा राहू द्या बाजूला, एकशे एकोणिसावा का घातला नाही ते सांगा.

हे मला कसं कळतं म्हणाल, तर ह्यांचा मोबाइल मी बंद केलेला नाही. क्लबच्या ग्रुपवर ह्यांचा नंबर अजून आहे. मी रोज वाचते. लिहिणाऱ्यांच्या ध्यानात नाही. परवा सोपाननं लिहिलं की उजव्या पायाचा माणूस, समोर मोकळा गोल, अन् डावा पाय घालून बॉल आभाळात मारतो, वर वीस मिनिटं राहिली असताना बाहेर जाऊन बसतो, ह्याला काय म्हणायचं राव? त्यावर कुणीतरी लिहिलं की ह्याला धोंडा जेवून येणं म्हणतात. खाली हसणारी तोंडं किती होती ती मी मोजली नाहीत.

बत्तीस वर्षं झाली त्या फायनलला. अधिक महिना होता, आमचा पहिला धोंडा. मॅच जुन्नरला, समोर जुन्नरचाच संघ, आणि माझं माहेर जुन्नर. जावयानं अनारसे खाल्ले आणि सासुरवाडीला कप वाण दिला, असं तेव्हापासून म्हणतात. ह्यांनी पुन्हा क्लबच्या मैदानात पाऊल टाकलं नाही. मॅच असली की रस्त्यावर मोटरसायकल लावून तिथूनच बघायचे. आत गेले की कुणीतरी धोंड्याचा जावई म्हणणार.

चार जानेवारीला सभा आहे. तुम्ही कप्तान होता, गोलकीपर होता. तुम्ही येऊन एवढंच सांगा की गोरख असा माणूस नव्हता. नावाचा मला सोस नाही. पण भर सभेत ते धोंड्याचं कुणी पुन्हा काढू नये.

उत्तराची वाट पाहते. माया आहे ती तशीच असू द्या.

तुमची,
इंद्रायणी

---

जुन्नर,
२० नोव्हेंबर २०२५

गं. भा. इंद्रायणी हिस,
गेणभाऊचे अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. तुझं अक्षर पाहून सून म्हणाली की ह्या चौथी शिकलेल्या वाटत नाहीत. मी तिला सांगितलं की बाई चौथीच शिकली, पण पुढं वाचनालयातली कपाटं संपवली तिनं. यंत्राचं म्हणशील तर ते लावलं की ताटवाट्याच जास्त ऐकू येतात. खडीच्या मशीनवर वीस वर्षं काढल्यावर कानात काय उरणार?

गोरखचं काय सांगू. असा सेंटर फॉरवर्ड ह्या दोन तालुक्यांत झाला न्हाई. पारगावच्या मॅचला चिखलात सगळे घसरत होते आणि हा गडी एकटा बॉल घेऊन असा चालला होता, जसा काही देवाला निघालाय. आपले सुभेदार मास्तर शिट्टी तोंडात धरून वाजवायची विसरले. ते सगळं मला रोज आठवतं.

पण सभेचं मला विचारशील तर सोडून दे. मला सभेत काही ऐकू येणार नाही, उगाच भलत्याला भलतं उत्तर देईन आणि हसं होईल. आणि पायऱ्यांना नाव दिलं काय न् न दिलं काय, लोक बसायचे ते बसणारच. माणूस गेला, त्याच्याबरोबर ते गेलं. सोपानचं मनावर घेऊ नकोस, तो तेव्हा बाकावर बसून राहिला, त्याची जळजळ अजून आहे.

तूही सभेत जाऊन पायाबियाचं काही काढू नकोस. झाकलेलं बरं असतं. प्रकृतीला जप. म्हाताऱ्यावर राग धरू नकोस.

तुझा,
गेणभाऊ

---

॥ श्री ॥
महाळुंगे पडवळ,
२ डिसेंबर २०२५

ती. गेणभाऊ यांस,
इंद्रायणीचा सा. न.

आधी एक मागणं. मला गं. भा. लिहू नका. कुणी तसं लिहिलं की पाकीट उघडायच्या आधीच ह्यांची बातमी पुन्हा कळल्यासारखी वाटते.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. पायाला काही झालं होतं, असं मी अक्षरही लिहिलं नव्हतं. सोपाननं डावा पाय घातला म्हटलं, तेवढंच मी लिहिलं. तुम्ही मात्र लिहिता, पायाबियाचं काही काढू नकोस. गेणभाऊ, तुम्हाला काय माहीत आहे? मला वाटत होतं, ते माझ्या आईला, मला आणि ह्यांनाच माहीत होतं. आई गेली, हेही गेले. म्हणजे मी एकटीच उरले असं धरून चालले होते.

आता लिहिते. हातानं लिहून कधी मोकळी झाले नाही, तुमच्यापाशीच होते.

त्या दिवशी सकाळी मी आणि आई अनारसे तळत होतो. हे मॅचला निघण्याआधी पाणी मागायला स्वयंपाकघरात आले. लग्नाला सहा महिने झालेले, आईसमोर मला लाज वाटली, पदर सावरायला गेले आणि कोपर कढईच्या कानाला लागलं. उकळतं तूप ह्यांच्या उजव्या पायावर पडलं. घोट्यापासून बोटांपर्यंत. तोंडातून आवाजसुद्धा काढला नाही, बाहेर वडील बसले होते म्हणून. आईनं कोरफड चोळली. मी म्हणाले की जाऊ नका, क्लबला निरोप धाडू. हे म्हणाले की पाय कशानं पोळला विचारतील. मॅच हरली तर मॅचचं नाव कुणी घेणार नाही, तुझं घेतील. नवी सून पांढऱ्या पायाची निघाली म्हणतील, आणि एकदा म्हटलं की ते तुला मरेपर्यंत चिकटेल. मग फडकं बांधलं, त्यावर मोजा चढवला आणि बूट घालून गेले. पुढं कुणी डाग पाहिला तर गुऱ्हाळावर काहिलीत पोळला म्हणून सांगायचे.

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण पुढची चूक माझ्या तोंडाची. तिसऱ्या दिवशी आम्ही गावी आलो. मी नळावर गेले. मंगलनं विचारलं की काय गं, तुझा नवरा मॅचमधून उठून बाहेर का बसला? मी घाबरले. काय बोलावं सुचेना, म्हणाले की ह्यांनी मॅच सोडली. आमच्याकडं जेवण सोडून उठला, काम सोडून गेला, तसं मी म्हणाले. इथं दर घरात तालमीतला माणूस. इथं कुस्ती सोडली म्हणजे जाणूनबुजून पाठ टेकली. मंगलनं घरी सांगितलं, संध्याकाळी तालमीत झालं की खुद्द बायकोच म्हणतीय, गोरखनं मॅच सोडली. मग कुणाला पुरावा हवा?

मी रडले, म्हणाले की जाऊन खरं सांगते. ह्यांनी हात धरला. म्हणाले की एक शब्द सांगायला गेलीस तर कढईपर्यंत जावं लागेल. राहू दे.

मी राहू दिलं. बत्तीस वर्षं राहू दिलं, कारण ते मला सोयीचं होतं. आता मला कुणी पांढऱ्या पायाची म्हणालं तर काय फरक पडतो? मी सभेत सांगणार आहे.

तुम्हाला काय माहीत आहे ते मला कळवा. कांदा लागवड सुरू झाली. जास्त लिहीत नाही.

इंद्रायणी

---

जुन्नर,
१५ डिसेंबर २०२५

चि. इंद्रायणी हिस,
आशीर्वाद.

आठ-दहा दिवस कागद पुढं घेऊन बसतोय. सुनेनं विचारलं की कुणाला अर्ज लिहिताय का. म्हटलं होय.

मला माहीत होतं. हाफ टाइमला आम्ही एक गोलनं पुढं होतो. गोरख मला टेम्पोच्या मागं घेऊन गेला, खाली बसला आणि बूट काढला. मोजा ओढला तर त्याबरोबर कातडी आली. मी ते पाहिलं, दुसऱ्या कुणी पाहिलं नाही. तो म्हणाला की गेण्या, माझं होत नाही, सोपानला घे. कशानं पोळलं ते सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

मी त्याला काढला नाही. सोपान कच्चा होता आणि मला कप पाहिजे होता. मी म्हणालो की पंचेचाळीस मिनिटं कळ काढ. तो नुसता पायाकडं बघत राहिला, तेव्हा मला राग आला. बाकीचे आठ-दहा जण टेम्पोच्या पुढं पाणी पीत होते. मी मोठ्यानं म्हणालो की काय राव, धोंडा जेवून पाय जड झाले का जावईबापूंचे? सगळे हसले. गोरखनं मोजा पुन्हा चढवला.

तुझ्या नळावरच्या शब्दाच्या आधी हा शब्द झाला होता. तू सगळं स्वतःवर घेतलंस, म्हणून हे लिहितोय.

डावा पाय का घातला ते आता तुला कळलं असेल. उजवा टेकत नव्हता. पुढं तो बाहेर जाऊन बसला, तरी मी हट्टानं सोपानला आत घेतलं नाही, आणि दोन गोल झाले, दोन्ही माझ्या हाताखालून गेले. सोपे होते. परत येताना टेम्पोत कुणी मला काही बोललं नाही, कारण सगळे जावयाला बोलत होते. मला ते बरं वाटलं. आज नाही उद्या सांगू, असं करत राहिलो. गोरख दर दिवाळीला माझ्या घरी यायचा, फराळ करायचा, आणि त्यानं एकदासुद्धा ते काढलं नाही. त्यानं शिव्या दिल्या असत्या तर मी सुटलो असतो.

दहाव्याला मी पाठ करून बसलो होतो ते दुःखानं नव्हे. पिंडाकडं बघवेना.

ह्या पत्राचं काय करायचं ते तू ठरव. सभेत वाच म्हणालीस तर वाच. मी येणार नाही, माझ्यात तेवढं बळ नाही.

गेणभाऊ

---

महाळुंगे पडवळ,
५ जानेवारी २०२६

गेणभाऊ यांस,

काल सभा झाली. मी गेले. बायांत मी आणि फुटबॉल खेळणाऱ्या चार मुली, बाकी सगळे पुरुष. कल्पेशनं खुर्ची दिली. मी उभ्यानंच सांगितलं. कढईचं सांगितलं, नळावरचं सांगितलं. मंगलचा नवरा समोर बसला होता, त्यानं मान खाली घातली.

मग सोपान उठला. वाईट बोलला नाही, वहिनी म्हणून बोलला. म्हणाला की वहिनी, तुमच्या दुःखाचा मान आहे, पण बायको नवऱ्याची बाजू घेणारच. पाय एवढा पोळला होता तर गोरखनं कप्तानाला का सांगितलं नाही? गेणभाऊंनी बदलीला गडी दिला असता ना, मी बसलो होतो की बाकावर. खरं असतं तर गेणभाऊ बत्तीस वर्षांत एकदा तरी बोलले असते. सगळ्यांनी माना हलवल्या. त्यांचं चूक नव्हतं. त्यांच्या जागी मीही मान हलवली असती.

तुमचं पत्र माझ्या पिशवीत होतं. हात आत घातलेला होता. एक कागद काढून कल्पेशच्या हातात दिला असता तर तिथंच सगळं मिटलं असतं. मी काढला नाही. तुमची दया आली असं समजू नका. हाफ टाइमचं ह्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं. माझ्यापासूनसुद्धा तुम्हाला झाकलं. मी सगळ्या रात्री शेजारी होते आणि मला पत्ता नाही. ते त्यांचं झाकण आहे, ते मी उचलायचं नाही, एवढंच मला तेव्हा सुचलं.

ह्यांचं नाव मागं पडलं. अठरा तारखेला पुन्हा सभा आहे, त्या दिवशी सुभेदार मास्तरांचं नाव कायम करतील. मास्तर भले होते, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही.

तुमचं पत्र सोबत परत पाठवते. घरात ठेवलं तर कधीतरी मी ते वापरीन. तुमचं बोलणं तुम्ही बोला, नाहीतर बोलू नका. मी तुमच्या वतीनं बोलणार नाही.

खाली नेहमीचं लिहायला हात होत नाही. समजून घ्या.

इंद्रायणी

---

जुन्नर,
१९ जानेवारी २०२६

चि. इंद्रायणी हिस,

काल मी आलो होतो. तू नव्हतीस. नारायणगावला एसटी बदलून मंचरला उतरलो आणि तिथून रिक्षानं आलो, मुलाला सांगितलं नाही. यंत्र लावलं होतं, पण मैदानावर वाऱ्यानं त्यात नुसता घोंघाट.

माझ्याच्यानं बोलवेना म्हणून पत्र वाचून दाखवलं, तुला लिहिलेलं तेच. वाचून झाल्यावर लोक बोलायला लागले. तोंडं हलत होती, मला काही कळेना. सोपान उठून उभा राहिला, हातवारे करून बोलला आणि मटकन खाली बसला. मग सगळ्यांनी हात वर केले. मला कळेना की हे गोरखच्या नावासाठी का मला बाहेर काढण्यासाठी. मी कल्पेशकडं बघितलं. त्यानं वहीचं पान पुढं केलं, त्यावर लिहिलं होतं की गोरखभाऊंचं नाव एकमतानं मंजूर. मी विचारलं की सोपान काय म्हणाला. कल्पेशनं लिहिलं की काका, ते राहू द्या.

नंतर चहा आला. माझ्या शेजारची खुर्ची रिकामीच राहिली. कुणी वाकडं बोललं नाही. मंचरपर्यंत चालत गेलो, रिक्षा मिळाली नाही.

सव्वीसला मी येणार नाही. तू मात्र जा. पुढच्या पायरीवर बस.

गेणभाऊ

---

॥ श्री ॥
महाळुंगे पडवळ,
२८ जानेवारी २०२६

ती. गेणभाऊ यांस,
इंद्रायणीचा नमस्कार.

तुम्ही महाळुंग्याहून मंचरपर्यंत चालत गेलात, ह्या वयात, ते वाचून वाईट वाटलं. आणि वाईट वाटलं म्हणून स्वतःचाच राग आला.

परवा गेले होते. निळ्या अक्षरात नाव लिहिलंय, लांबून वाचता येतं. मुलींचा संघ ओळीनं आला आणि पाया पडला. सोपान आला. बाजूला उभा राहून डोळे पुसत होता. मग म्हणाला की वहिनी, ग्रुपवर मी नको ते लिहिलं, गोरखच्या नंबरवर ते गेलं असंल. मी सांगितलं की गेलं, वाचलं. त्याच्या चेहऱ्याकडं मला बघवलं नाही.

भाषणं झाली. एकशे अठरा गोल सांगितले, पायाचं सांगितलं, बायकोसाठी केवढं सोसलं म्हणून टाळ्या वाजल्या. मला टाळ्या नको होत्या. मी रस्त्याकडं बघत होते, जिथं हे मोटरसायकल लावून उभे राहायचे. तिथून मैदान अर्धंच दिसतं. एक गोल दिसतो, दुसरा बाभळींच्या आड जातो. तीस वर्षं ह्यांनी अर्धी मॅच बघितली.

गेणभाऊ, मला एकच हिशेब लागत नाही. तुम्हाला पत्र वाचायला दहा मिनिटं लागली असतील. मला कढईचं सांगायला त्याहून कमी लागली. म्हणजे पंधरा-वीस मिनिटांचं काम होतं. तीन वर्षांपूर्वी आपण दोघांनी ते केलं असतं तर ह्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं असतं, आणि मग मैदानात चालत आत गेले असते. नावाची पाटी नसती तरी चाललं असतं. तुम्ही लाजेनं गप्प राहिलात, मी भीतीनं. फार वेगळं नाही.

माफ केलं का, असं तुम्ही विचारलं नाहीत. ते बरं केलंत. माफ करणारा माणूस गेला, आणि मला त्याच्या वतीनं ते करता येत नाही. स्वतःलाही करता आलेलं नाही.

पण तुम्ही या. पुढच्या महिन्यात कांद्याची गडबड थोडी कमी होईल. बाहेरच्या बाहेर परत जाऊ नका, घरात या. दोन दिवस राहा. ह्यांच्या खेळाचं सांगायला आता तुमच्याशिवाय कुणी उरलं नाही, आणि मी तो कधी पुरा पाहिलेला नाही. फायनललासुद्धा मी अनारसेच तळत होते. पारगावच्या मॅचचं तुम्ही चार ओळींत लिहिलंत, ते मला पहिल्यापासून ऐकायचं आहे. तुम्हाला माझं ऐकू आलं नाही तरी हरकत नाही, तुम्ही बोला.

येताना ते यंत्र नाही आणलंत तरी चालेल.

इंद्रायणी